व्हिडिओतली मिशी

पाटसच्या स्टँडवर अजूनही कुणीतरी भेटतं आणि विचारतं, "तुमचेच मिस्टर ना हो ते, तोफेत गोळा भरणारे? मोबाईलवर बघितले आम्ही." मी म्हणते, "हो, आमचेच." आणि मान ताठ ठेवून गाडीत चढते. अभिमान मला आहेच, तो मी कशाला लपवू. पण नेमका कशाचा आहे, ते स्टँडवर पिशव्या सांभाळत सांगण्याजोगं नाही. लोकांना गाडी पकडायची असते. म्हणून इथं सांगते, बैजवार.

माझं माहेर शिरूरचं. मार्केट यार्डात हमाली केलेल्या बापाची मी लेक. बापाकडून मला जमीन आली नाही, तोंड तेवढं आलं. लग्न होऊन दौंड तालुक्यात आले, पाटसपासून जरा आत, उसाच्या पट्ट्यात. नवरा फौजेत, तोफखान्यात. मी कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाते. घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणायची रीत आहे. पोरगी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीला शिरूरला माझ्या आईकडं होती, आणि ती तिथं होती तेच बरं झालं.

आता मिशीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आमच्या ह्यांना मिशी होती, आणि साधीसुधी नव्हती. दोन्ही टोकांना पीळ, वर उचललेली. भरती झाल्यापासून वाढवलेली. लग्नात माझ्या मावशीनं कानात विचारलं होतं, "पोराच्या मागं मिशी का मिशीच्या मागं पोरगा?" सुट्टीवर आले की सकाळी आरशासमोर उभे राहून तिला तेल लावायचे, आणि मी पाणी तापवून तापवून कंटाळायचे.

त्या वर्षी शिमग्यानंतर सासरे गेले. हे रजा काढून आले. दहाव्याला भीमेच्या घाटावर आमच्या रीतीप्रमाणं सगळी भावकी ओळीनं बसली आणि सगळ्यांनी डोकी, मिश्या उतरवल्या. ह्यांची पाळी आली तेव्हा गावातल्या सलूनवाल्या मामांचा हात क्षणभर थांबला. "उतरवू ना?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "बापासाठी हाय मामा, इचारताय काय." मिशी पडताना आत्या समोरच बसल्या होत्या. हे उठून उभे राहिले तर ओठ नुसता पांढरा, तोंड कोवळ्या पोराचं. सासऱ्याच्या दहाव्याला हसू नये, पण मला पदर तोंडावर धरावा लागला. त्यांच्या ते लक्षात आलं. जवळून जाताना पुटपुटले, "हसू नको. उगवती परत." तेरावा झाला आणि ते परत ड्युटीवर गेले.

आणि वैशाखात सीमेवर पेटलं.

ह्यांचा एक मेसेज आला. "फोन जमा करायला लावल्यात. तू लावू नको, मीच करीन. आईला बघ." बस. त्यानंतर फोन बंद. मी तरी लावायचेच. पलीकडून बाई सांगायची, संपर्क क्षेत्राबाहेर आहे. ती बाई काय करणार, तिला तेवढंच येतं.

त्या दिवसांत गावातला प्रत्येक मोबाईल पेटलेला होता. जे लोक एरवी डीपी जळाली तर वायरमनला फोन करायला घाबरतात, ते क्षेपणास्त्रं कुठून सोडायची ते एकमेकांना समजावून सांगत होते. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्याला काय लागतं. एके सकाळी कंपनीच्या गाडीची वाट बघत चहाच्या टपरीपाशी उभी होते, तर सोसायटीतले एक आप्पा बाकड्यावर पाय वर घेऊन म्हणाले, "ह्या टायमाला सोडायचंच न्हाई. व्हाऊ दे काय व्हायचं ते." मी म्हणलं, "आप्पा, तुमच्या घरातलं कोण आहे तिकडं?" ते म्हणाले, "आमचं कोण न्हाई." मी म्हणलं, "मग चहा घ्या, गार होतोय." टपरीवाला खाली बघून भांडी घासायला लागला. आप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग आपणहून बोलले. वाईट माणूस नाही. फोन हातात आला की माणसाला आपण रणांगणात आहोत असं वाटतं, त्याला ते तरी काय करतील.

खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता. कुठल्यातरी गेममधली विमानं पाडलेली दाखवायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. मग सरकारच्या पेजवरूनच सूचना आली की अफवा पसरवू नका, अधिकृत माहितीवरच विश्वास ठेवा. मी म्हणलं, हे बरंय. बाकीचा सगळा कचरा पुसून टाकला आणि ते एकच पेज बघायला लागले. एरवी त्या पेजवर योजनांचे फोटो आणि फिती कापणारे हात दिसायचे. आता तिथं रोज जवान, तोफा, तिरंगा आणि मागं ढोल. चांगलं करायचे, खोटं कशाला बोलू. बघितलं की अंगावर काटा यायचा. मलाही यायचा.

कामावर मी रोज जात होते. आमच्या कंपनीत आत मोबाईल चालत नाही. गेटवर छोटी छोटी कपाटं आहेत, त्यात फोन ठेवायचा, कुलूप लावायचं, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आणि लाईनवर उभं राहायचं. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, रजा घ्या पाहिजे तर." मी म्हणलं, "नको सर." घरी बसले असते तर भिंती अंगावर आल्या असत्या. इथं निदान समोरून बाटल्या येत होत्या, टोपण बसलंय का बघायचं, लेबल सरळ आहे का बघायचं. पण पूर्ण शिफ्टभर डोक्यात एकच. आता गेटवर त्या कपाटात फोन वाजत असेल. आता वाजत असेल. आणि दुपारी कुलूप काढलं की फोन गप्प.

आत्यांनी जेवण सोडलं होतं. उपास वगैरे नाही, नुसतं "भूक न्हाई गं." ताट पुढं ठेवलं की भाकरीचा तुकडा मोडायच्या, कालवणात बुडवायच्या आणि तसाच ठेवायच्या. नवरा नुकताच गेलेला, पोरगा असा. मी रागावले, गोड बोलले, शिरूरहून माझ्या आईला फोन करून बोलायला लावलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि त्या जेवत नाहीत म्हणून माझ्याही घशाखाली घास उतरेना. मी चहावर दिवस काढत होते.

अशात एका संध्याकाळी आमचे थोरले चुलत दीर पळत आले. त्यांना मी दादा म्हणते. गावचा ग्रुप तेच चालवतात, आणि गावात कुणाचा वाढदिवस असला की फ्लेक्सही तेच लावतात. आत्यांना ते काकू म्हणतात. उंबऱ्यातूनच ओरडले, "काकू, तुमचा वाघ आलाय मोबाईलवर."

सरकारी पेजचाच व्हिडिओ होता. तोफा, धूळ, पळणारे पाय, आणि मध्ये एका ठिकाणी आमचे हे. गोळा उचलून तोफेत घालतात, मागं सरकतात, कानावर हात घेतात. पापणी दोनदा लवली की संपलं. पण तेच होते, शंकाच नाही. खांद्याची ती ठेवण मी हजार माणसांत ओळखीन.

आत्यांनी चष्मा शोधला, मोबाईल दोन्ही हातांत धरला. पोरगा दिसला की त्या बोटानं त्याच्या गालाला हात लावायला जायच्या, आणि बोट लागलं की व्हिडिओ थांबायचा. दादा परत चालू करून द्यायचे, त्या परत बोट लावायच्या. असं किती वेळ चाललं. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वाढ गं पोरी. भूक लागली."

मी चूल पेटवल्यासारखा गॅस पेटवला. पिठलं केलं, भाकरी थापल्या. आत्या जेवल्या, मीही जेवले. किती दिवसांनी त्या घरात ताटं चाटूनपुसून झाली. भांडी घासली, हात पुसले आणि निवांत बसून तो व्हिडिओ मी नीट बघायला घेतला.

आणि मला मिशी दिसली.

पीळ दिलेली, वर उचललेली, ऐन भरातली मिशी. डोक्यावर लोखंडी टोप होता म्हणून केसांचं काही कळत नव्हतं, पण मिशी टोपाखाली कशी लपेल. महिनाभरात मिशी उगवते हो, पण तिला पीळ यायला वर्ष जातं. म्हणजे व्हिडिओ जुना होता. दहाव्याच्या आधीचा. कुठल्या सरावाचा असेल, थंडीतला असेल. तेव्हा ते ठणठणीत होते, हे मला व्हिडिओ न बघताही माहीत होतं. आज कसे आहेत, ते त्यात कुठंच नव्हतं.

मी परत परत बघितलं. व्हिडिओखाली कुठंही आजचा आहे असं लिहिलेलं नव्हतं, ते मला मान्य केलं पाहिजे. 'आमचे जवान सज्ज' एवढंच होतं. आजचा आहे असं आम्हीच धरून चाललो होतो. पण धरून चालावं म्हणूनच तो त्या दिवशी टाकला होता ना? मला राग सरकारचा आला का स्वतःचा, ते नाही सांगता येणार.

आतून आत्यांचा आवाज आला, "उद्या जरा वांग्याचं कालवण कर. मसाल्याचं." मी म्हणलं, "करते." झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बाई जेवतेय ना, मग जेवू दे. मी मिशीचा विषय पोटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादांनी पाटसहून फ्लेक्स करून आणला. व्हिडिओतलाच फोटो, माणसापेक्षा मोठा, वर 'गावची शान'. चौकात लावला, खाली खुर्च्या मांडल्या, आणि आत्यांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. मी त्यांच्या शेजारी बसले होते, आणि समोर सगळी भावकी होती. दादा, त्यांचे भाऊ, म्हातारे चुलत सासरे, झाडून सगळे. आणि सगळ्यांच्या ओठावर महिन्याभराची नुसती खुरटी. कापणी झालेल्या गव्हाच्या रानासारखी. त्याच घाटावर, आमच्या ह्यांच्याच शेजारी बसून सगळ्यांनी उतरवली होती. आणि वर फ्लेक्सवर ती एवढी मोठी पिळाची मिशी. त्या खुरट्या मिश्यांची माणसं तिच्याखाली उभं राहून भाषणं करत होती.

माझं डोकं फिरलं. हे लोक आरसा बघत नाहीत का? रोज सकाळी तोंड धुताना हाताला काय लागतं? दादांनी हार घालताना म्हटलं, "काकू, तुमच्या पोरानं नाव काढलं," तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मला वाटलं, मोठेपणात आहेत. मी मनात त्यांना काय काय म्हणलं ते इथं लिहीत नाही, नातं टिकवायचं आहे.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. फ्लेक्सचा फोटो कुणीतरी वर पाठवला असणार, कारण एकदोन दिवसांत पुण्याहून एक मॅडम आल्या. सरकारी पेजसाठी व्हिडिओ करून देणाऱ्या. बरोबर कॅमेरावाला. त्यांना जवानाच्या घरच्यांचा व्हिडिओ हवा होता. मॅडम बोलायला गोड होत्या, आत्यांच्या पाया पडल्या, उन्हातान्हाचं आल्या तरी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. म्हणाल्या, "ताई, देशातल्या बाकीच्या घरांना धीर येईल. तुम्ही फक्त मनातलं बोला." आणि लगेच मनातलं काय ते सांगितलं. "म्हणजे असं बोला, की मी त्यांना व्हिडिओत पाहिलं आणि माझी सगळी काळजी मिटली. आम्हाला भीती वाटत नाही. असं."

फ्लेक्स मागं यावा म्हणून चौकातच खुर्च्या टाकल्या. सगळी भावकी परत गोळा झाली. आत्या शेजारी, कॅमेरा समोर.

आता माझी खरी पंचाईत झाली. व्हिडिओ जुना आहे म्हणावं, तर आत्यांचं ताट परत तसंच पडणार. आणि काळजी मिटली म्हणावं, तर माझ्यासारखी कुणीतरी दुसरी बाई कुठंतरी फोन धरून बसली असेल, ती माझं तोंड बघून म्हणेल, हिला भीती वाटत नाही, मग मलाच का वाटते? मी त्या पेजवर विश्वास ठेवला होता, आता ती माझ्यावर ठेवणार. माझ्या तोंडून ते निघेना.

मॅडम म्हणाल्या, "ताई, रिलॅक्स. बोला."

मी बोलले. म्हणलं, "भीती वाटत नाही असं जी बाई म्हणते, तिला माझ्या घरी पाठवा. मला वाटते. रात्रंदिवस वाटते. भाकरी थापताना वाटते, गाडीत बसल्यावर वाटते. पण मी एकही शिफ्ट चुकवली नाही, आणि तेही तिकडं चुकवणार नाहीत. एवढंच मला माहितीये."

कॅमेरावाल्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "छान. खूपच छान. आता एकदा ते व्हिडिओचं घेऊ या का? पाहिलं आणि काळजी मिटली?"

मी काही बोलायच्या आत आत्या बोलल्या. "त्यो इडिओ जुना हाय, बाई."

कॅमेरावाल्यानं कॅमेऱ्यावरून मान वर केली.

"त्याची मिशी पडली तवा म्या फुडं बसल्याली. बापासाठी उतरवली त्यानं. आता कुठली आली ही एवढी?" त्यांनी मागं फ्लेक्सकडं हात केला. "दाखवायचा तर हाय तसा दाखवा की. मिशी न्हाई तरी माझाच हाय त्यो."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. म्हणलं, "आत्या, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्या बारीलाच." त्या माझ्याकडं वळल्या, कॅमेऱ्याचं त्यांना भान नव्हतं. "पर तू जेवना गं. नुसत्या च्यावर कामाला जायाचीस. म्हणलं, म्या खाल्लं तर ही खाईल."

मला रडू आलं ते तिथंच, सगळ्यांसमोर. आणि दादा मागून पुढं आले, खाली बघत म्हणाले, "काकू, आमास्नी बी ठावं व्हतं." ग्रुपवर टाकल्या टाकल्या त्यांच्या लक्षात आलं होतं, पण तोवर आत्यांनी वाढ म्हटलं होतं. मग त्यांनी घरोघरी जाऊन बजावलं, मिशीचा विषय कुणी काढायचा नाही, काकू जेवायला लागलीय. सलूनवाल्या मामांनाही सांगून आले होते. फ्लेक्ससुद्धा त्याचसाठी. म्हाताऱ्या चुलत सासऱ्यांनी आपल्या ओठावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आमी काय आंधळं हाय व्हय?" कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले, डोळ्यांत पाणी आणून.

माझा अभिमान विचारता ना, तो इथला आहे. सगळा गाव एका म्हातारीच्या दोन घासांसाठी खोटं बोलत होता, ती म्हातारी सुनेच्या दोन घासांसाठी खोटं बोलत होती, आणि सून म्हातारीसाठी. कुणी कुणाला फसवू शकलं नाही आणि सगळे पोटभर जेवले. मी शिरूरची, ह्या गावात परकी म्हणून आले होते. त्या दिवसापासून मी स्वतःला परकी म्हणत नाही.

मॅडमचे डोळेही भरले होते. जाताना म्हणाल्या, "मी सगळं वर पाठवते ताई. पुढं काय ठेवायचं ते माझ्या हातात नसतं." खोटं नाही बोलल्या त्या.

मग एका संध्याकाळी बातमी आली की गोळीबार थांबला. गावात फटाके वाजले. शेजारच्या वाडीत एकीचा नवरा फौजेत आहे, त्याच दिवशी तिचा फोन वाजला. पलीकडच्या गावातल्या एकाचा आला. तिसऱ्याचा आला. आमचा गप्प. लोक यायचे आणि विचारायचे, "आला का फोन?" मग नुसतेच यायला लागले, विचारायचं सोडून. ते जास्त वाईट होतं. दादा ओट्यावर येऊन बसायचे, उसाच्या पाण्याचं बोलायचे, आणि उठून जायचे. आत्या जेवत होत्या. आता आम्ही दोघी एकमेकींच्या ताटाकडं बघून जेवत होतो, घास मोजल्यासारखं, उघडउघड.

अशातच तो दुसरा व्हिडिओ आला. कंपनीच्या गाडीत माझ्या शेजारणीनं दाखवला. मागं ढोल, तिरंगा, आमचा चौक, आमचा फ्लेक्स. आणि मी. खुर्चीत ताठ बसलेली. मी म्हणते, "भीती वाटत नाही." मग तोफ उडते. मग मी म्हणते, "मी एकही शिफ्ट चुकवली नाही." मग आत्या हात वर करून म्हणतात, "माझाच हाय त्यो." संपलं.

डोक्यात तिडीक गेली. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही म्हणतात, पण इथं तर तोंड माझंच होतं आणि बोलणारं दुसरंच कुणीतरी. शब्द सगळे माझे, एकही बाहेरून घातला नव्हता. नुसते कापले होते. ह्यांची मिशी जुनी लावली आणि माझी भीती कापून टाकली. गाडीतल्या बायका म्हणाल्या, "कसली डेरिंगची दिसतेस गं." मी खिडकीकडं तोंड केलं. त्यांना काय सांगू, की ज्या बाईला तुम्ही डेरिंगची म्हणताय ती ह्या घडीला मनात काय काय बघतेय.

त्या दिवशी पहिली शिफ्ट होती. दुपारी सुटले, गेटवर रांगेत उभं राहून कपाटापाशी आले. कुलपाला किल्ली लावायच्या आधीच आतून आवाज आला. पत्र्याच्या कपाटात फोन थरथरत होता. माझ्या हाताला किल्ली लागेना. मागची बाई म्हणाली, "आण इकडं," आणि तिनं उघडून दिलं.

नंबर अनोळखी होता. मी "हॅलो" म्हणलं.

"मी हाय," पलीकडून आवाज आला.

मी तिथंच गेटच्या कट्ट्यावर बसले. म्हणलं, "कुठं लागलंय का?"

"न्हाई. धडधाकट हाय. कान वाजत्यात जरा. कवाचा लावतोय तुला."

"आत्यांना लावला का?"

"आईला आता लावतो. आधी तुला लावला." आजूबाजूला शिफ्ट सुटलेली, माणसं, गाड्या, कुणी हिंदीत हाका मारतंय. मी दुसरा कान हातानं दाबून धरला. तेवढ्यात म्हणाले, "तुजा इडिओ बघितला. आमच्या सायबांनी समद्यांना बसवून दाखवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बायको पायजे तर अशी, म्हणले."

मी कट्ट्यावर जरा आत सरकून बसले.

"तुला खरंच भ्या वाटत न्हवतं व्हय गं?"

हो म्हणायला काय जात होतं. टाळ्या वाजल्या होत्या, साहेब खूश होते, नवऱ्याची मान उंच झाली होती. एक शब्द बोलले असते आणि चांगलंच दिसलं असतं. पण ज्या माणसासाठी इतके दिवस जीव मुठीत धरून काढले, त्याच्याशीही मी पेजवरच्यासारखं बोलायचं? मग राहिलं काय आपलं?

म्हणलं, "वाटत होतं. रोज वाटत होतं. त्यांनी ते कापलं. मी लाईनवर बाटल्या बघायचे आणि कान गेटवरच्या कपाटाकडं असायचे. अजून वाटतंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तोफेशेजारी जागा न सोडता उभा राहिलेला माझा नवरा, ज्याला सगळ्या तालुक्यानं कान झाकून गोळा उडवताना बघितलं, तो पलीकडं रडत होता. त्याचा मला जितका अभिमान वाटला, तितका कुठल्या व्हिडिओनं वाटला नाही.

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "इडिओ बघितल्यापासनं वाटत व्हतं, आपल्या घरात भिणारा म्या एकलाच हाय."